थर्मामीटरचा अंगठा

“आधी तुझा अंगठा,” ताई म्हणाली आणि स्टुलावर ठेवलेला पाय तिनं मागे ओढून घेतला.

ड्रेसिंगच्या खोलीत तिघंच होते. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि तो जिथं काम करतो त्या कारखान्यातली इंजिनीअर मुलगी. पट्टी सोडलेल्या पायाला तीनच बोटं होती. दोन बोटांच्या जागी टाक्यांची रेघ, आणि टाचेला कोटाच्या बटणाएवढी जखम. मधुमेहानं पाय बधिर झालेला, जखम भरता भरत नव्हती.

“मावशी, या वेळी मीटर लावलंय,” मुलगी म्हणाली. “सदतीस डिग्री. अंगाच्या उबेइतकंच. हा बघा आकडा.”

“आकडा तुझ्यापाशी ठेव. मागच्या वेळी यानं अंगठा लावला, गार आहे म्हणाला, मग मी पाय दिला. याचा अंगठा खोटं बोलत नाही. माझ्या पायानंच दगा दिला. भाजत होता तरी मेल्यानं साधं कळवलं नाही.” ती हसली. “आता तीन उरलीत. जपून वापरायला हवीत.”

भाऊ हसला नाही.

अंगठा लावून तो कशाचीही ऊब अचूक सांगायचा, म्हणून कारखान्यात त्याला सगळे थर्मामीटर म्हणत. तिथं पेनाएवढं एक यंत्र बनतं. त्याच्या टोकातून जांभळी ज्योत निघते, गार ज्योत. ती जखमेतले जंतू मारते आणि कातडीला धक्का लावत नाही. निदान लावू नये. ते टोक म्हणजे इलेक्ट्रोड, आणि तो लेथवर कातायचा हा. तापमानाचा सेन्सर यायला महिना होता आणि यंत्र बघायला पाहुणे आठवड्यात येणार होते. “आपला थर्मामीटर आहे की,” साहेब म्हणाले. टोकही अणकुचीदार ठेवायला त्यांनीच सांगितलं, म्हणजे ज्योत लांब निघते, फोटोत उठून दिसते. त्या अणीवरच्या सिरॅमिकच्या थराला केसाएवढी चीर गेलेली कुणाला दिसली नाही. सगळी वीज एका ठिपक्यातून ताईच्या बोटांच्या बेचक्यातल्या जखमेत उतरली. चार मिनिटं. ती भाचीच्या लग्नाचं सांगत बसली होती. भाजलं, चिघळलं, कापलं. साहेबांची बोटं शाबूत आहेत.

त्याच संध्याकाळी हात धुताना त्याला स्वतःच्या अंगठ्यावर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. जळल्याचा. त्यानं साबणानं घासला, मग दगडानं घासला. आणि गप्प बसला. त्याच्याकडे डिग्री नव्हती, अंगठा होता. त्या एका अंगठ्यापुढे डिग्रीवाले हात बांधून उभे राहायचे.

नवं टोक मुलीनं आखलं होतं. वाटाण्यासारखं गोल, कुठं अणी नाही, कड नाही, सगळं सिरॅमिकमध्ये बुडवलेलं. वीज एका जागी गोळा होत नाही, पसरते, आणि निम्म्या विजेत काम भागतं. त्यानं अठरा टोकं कातून फेकली, तेव्हा हे एक जमलं. कुठं कड राहिली का, ते तो मधल्या बोटानं चाचपायचा. “काका, अंगठ्यानं का नाही?” असं मुलीनं एकदा विचारलं होतं. त्यानं लेथचा वेग वाढवला होता.

“लाव ना रे,” ताई म्हणाली. “किती वेळ पाय उघडा ठेवू?”

मुलीनं पेन चालू केलं. ज्योत बुटकी निघाली, दिसायला अगदीच गरीब. त्यानं अंगठा पुढे धरला. यंत्र चांगलं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नुसतं गार म्हणायचं, की झालं. आणि या वेळी ते खरंही ठरलं असतं.

“गार?”

अंगठा ज्योतीतच होता.

“ताई, याला काही कळत नाही.”

“कुणाला?”

“अंगठ्याला. सोल्डरिंगचे चटके खाऊन खाऊन मेलाय तो.”

“कधीपासून?”

“तुझ्या बोटांच्या आधीपासून.”

मुलीनं पेन बंद केलं. ताईनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या पोटात नख रुतवलं.

“लागलं?”

“नाही.”

तिनं आणखी रुतवलं.

“आता?”

“नाही गं.”

तिनं हात सोडला. मग ती पायाकडे बघत राहिली. वाकून तिनं त्या टाक्यांच्या रेघेवरून एकदा हात फिरवला.

“चार महिने मी याला शिव्या घालतेय,” ती म्हणाली.

भावानं तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिनं बाही वर सारली आणि मनगटाची आतली बाजू मुलीपुढे धरली.

“आधी इथं लाव, मुली. इथं अजून जीव आहे. आणि याला बाहेर बसव.”

तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. आत बटण दाबल्याचा आवाज झाला.

“गार आहे गं,” आतून ताईचा आवाज आला. “कुणी फुंकर घालावी तसं.”

त्यानं अंगठा उलटा करून पाहिला. नखाच्या खुणेत रक्ताचा थेंब धरला होता. दुसऱ्या हातानं त्यानं तो दाबला. मग जोर लावून दाबला. पुन्हा दाबला.