अर्धा मिलिमीटर

नव्या ब्रेक डिस्कचं मधलं भोक चाकाच्या हबपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने लहान भरलं. डिस्क दुसऱ्या कंपनीची होती. मी व्हर्निअर पुसून पुन्हा लावला, आकडा तोच.

"नाही बसत? मग देऊन टाकू गाडी मामाला," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून मामा गाडी मागत होता आणि आई नुसतं "बघू" म्हणायची.

मला हबवर गंजाचा थर दिसला. "आई, तारेची घासणी दे."

"तुला कढई तरी घासता येते का? सरक!" पदर खोचून तिने हब लख्ख केला. डिस्क अलगद बसली.

चाक लावून मी जॅक काढला, तर आई ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलेली.

"मामाला कळव, गाडी देणार नाही. मी शिकणार आहे चालवायला."