दळण संपल्यावर

"आई, ह्या स्पॅनिश कथेतली बाई म्हणते, मी ह्या घरात 'इनेर्सिया'ने राहते. इंग्रजीत मी 'सवयीने' अशा अर्थाचं लिहिलंय, पण पटत नाही," सून म्हणाली. पुस्तकांची भाषांतरं हा तिचा धंदा, पिठाची गिरणी हा माझा.

"सवय कसली? बटण बंद केल्यावरही गिरणीचा पट्टा थोडा वेळ फिरत राहतो, तशी राहत असेल. दळण संपलेलं, जोर कुणाचाच नाही. नुसती थांबायची राहिलेली."

तिने मान हलवली, पण लिहिलं काहीच नाही. माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली. माझा मुलगा वारला त्याला चार वर्षं झाली. ही अजून त्याला आवडायच्या तशा जाड भाकऱ्या थापते. आम्हा दोघींना तर पातळ आवडतात. आणि सून असावी तर अशी, म्हणून मी गावभर मिरवते.

"दिल्लीच्या कॉलेजात शिकवायला बोलावलंय ना तुला? जा."

"आणि तुम्ही?"

"मी काय लोणचं आहे, बुरशी येईल म्हणून राखायला? जा म्हणते ना!"

ती रडायला लागली, माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी तिला गप्प केलं नाही.