बेचाळीस सेंटिमीटरची पाठ

"अठरा किलो," म्हणत दुकानदार अस्कातने वाळूची शेवटची पिशवी नव्या सॅकमध्ये कोंबली. "आता जिना चढा, वहिनी. कठड्याला हात लावायचा नाही."

बुरुलचाने सॅक पाठीवर घेतली. आधी कंबरपट्टा आवळला, मग खांद्याचे पट्टे. दुकानात शिरल्या शिरल्या अस्कातने टेपने तिची पाठ मोजली होती, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत. बेचाळीस सेंटिमीटर. घरची सॅक पंचावन्नच्या पाठीची होती. ती तिच्या नवऱ्याची, मेलिसची. काराकोल गावाच्या वाटाड्यांमध्ये त्याच्याएवढा उंच कोणी नव्हता. तीन वर्षांपूर्वी गारपिटीत डोंगर चढायला आलेला एक पाहुणा घसरला, तेव्हा मेलिस सॅक खडकावर ठेवून त्याला आणायला उतरला. पाहुणा वर आला. मेलिसची फक्त सॅक घरी आली.

तेव्हापासून बुरुलचा डोंगरात जात होती. आधी स्वयंपाकाला, मग मदतनीस म्हणून, आणि प्रत्येक वेळी तीच सॅक घेऊन. कंबरपट्टा कितीही आवळला तरी खाली घसरायचा आणि सगळं ओझं खांद्यांवर यायचं. गेल्या खेपेला ती खिंडीच्या अलीकडेच मटकन खाली बसली होती. परवा पहिल्यांदाच ती मुख्य वाटाडी म्हणून निघणार होती. चार रात्री, सहा पाहुणे. वाटाड्यांचा म्होरक्या दूलोत याने स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी मागे पडलात, तर पुन्हा चुलीपाशी."

तोच दूलोत आत्ता दुकानाच्या कोपऱ्यात चहा पीत बसला होता.

"दप्तर शोभतंय हो," तो म्हणाला. "कितवीत गेलात, वहिनी?"

"गुरुजी तुमच्यासारखे असले तर पहिलीतच राहीन," बुरुलचा म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

चार मजले वर, चार मजले खाली. असं पाच वेळा. दुसऱ्या फेरीला तिच्या ध्यानात आलं, की खांदे मोकळेच आहेत. ओझं कमरेवर बसलं होतं, कडेवरच्या मुलासारखं. तिने चालता चालता दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन पाहिले. गेल्या तीन वर्षांत सॅक पाठीवर असताना तिला हे जमलं नव्हतं. पाचव्यांदा ती खाली आली ती गुणगुणतच.

दूलोतने चहाची वाटी खाली ठेवली. "अजून दोन किलो घाला."

घातले. ती पुन्हा वर जाऊन आली. दूलोतने चहाची वाटी पुन्हा उचलली. अस्कात मात्र स्वतःच जिना चढून आल्यासारखा हसत होता.

आणि मग बुरुलचाने सॅक उतरवली, खुंटीला टांगली आणि म्हणाली, "नको."

"अहो, नको काय! तुमच्या मापानं शिवल्यासारखी आहे!"

"घरी आहे एक."

यापुढे काय सांगणार? घरी सासू होती. ऊलकान आपा. प्रत्येक खेपेच्या आधी त्या मेलिसच्या सॅकच्या चेनला मेण चोळायच्या. तुटलेले पट्टे त्यांनी जाड दोऱ्याने शिवून दिले होते, आतून लोकरीचा जाड नमदा लावला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी सॅक चढवून घराबाहेर पडायचं कसं?

"चढव परत," दारातून आवाज आला.

ऊलकान आपा उभ्या होत्या. हातात बाजाराची पिशवी होती. केव्हापासून उभ्या होत्या, कोणालाच कळलं नव्हतं. बुरुलचाने मुकाट्याने सॅक पाठीवर घेतली. आपांचा जन्म घोड्यांमध्ये गेलेला. घोड्याचा तंग तपासावा तशी त्यांनी पट्ट्याखाली बोटं सारली. सॅक मागून धरून हिसडली. ती जागची हलली नाही. मग त्यांनी सुनेची कॉलर बाजूला केली आणि खांदा पाहिला. तिथे काळानिळा, सोलून खपली धरलेला वळ होता.

"घोड्याची पाठ अशी झाली असती, तर खोगीर घालणाऱ्याला मी फोडून काढलं असतं," आपा म्हणाल्या. "तुला काय वाटलं, तुझे सदरे मी धुते ते डोळे मिटून? अस्कात, वाळू काढ. ही सॅक आमची झाली."

"आणि मेलिसची, आपा?" बुरुलचाने विचारलं.

"ती राहील घरी."

तिसऱ्या दिवशी खिंडीखाली धुकं आलं. एका पाहुण्याचा दम संपला. बुरुलचाने त्याचा तंबू आपल्या सॅकवर बांधला, त्याला बरोबर आपल्या मागे घेतलं आणि पावलं मोजत चढत राहिली. वर धुकं फाटलं, तेव्हा खिंडीत सात माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे ती होती. ती ओरडली. कशासाठी ते तिलाच ठाऊक नव्हतं. पाहुणेही ओरडले. पलीकडे खाली निळं तळं चमकत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दूलोत गाडीपाशी आला. त्याने डोकी मोजली, पाहुण्यांचे चेहरे न्याहाळले. "पुढच्या महिन्यात सात रात्रींची तुकडी आहे," तो म्हणाला. "न्याल?" पुरुषांना विचारायचा तसंच त्याने विचारलं.

"नेईन," ती म्हणाली.

घराच्या गल्लीत वळली आणि बुरुलचा थबकली. फाटकात ऊलकान आपा उभ्या होत्या. तीन वर्षांत ती परत आली की आपा कधी समोर आल्या नव्हत्या. गोठ्यात पाठमोऱ्या सापडायच्या, मान वळवायच्या नाहीत. आपलं डोंगरात जाणं त्यांना खपत नाही, अशीच तिची समजूत झाली होती.

"आज फाटकात कशा, आपा?"

आपा पुढे आल्या आणि आपल्या हातांनी तिचा कंबरपट्टा सोडवू लागल्या.

"ती सॅक घेऊन तू निघालीस, की मागून मला मेलिसच जाताना दिसायचा गं. त्याची वाट बघायचं बळ माझ्यात नव्हतं. या वेळी जाताना तूच दिसलीस, म्हणून सकाळपासून इथं उभी आहे."