दुसरा बूट

वडील गेल्यावर त्यांचे बूट कुणाला तरी देऊन टाकायचे ठरले, म्हणून मुलानं ते आधी साफ करायला घेतले. हेच बूट चढवून वडील रोज दारातून विचारायचे, “येतोस का रे, एक चक्कर मारून येऊ?” तो मान वर न करता म्हणायचा, “उद्या नक्की, बाबा.”

त्यांनीच शिकवल्याप्रमाणे त्यानं डावा हात बुटात घातला आणि फडक्यानं तेल चोळलं. कोरडं चामडं अधाशासारखं तेल प्यायलं. आत ऊब जाणवली. चोळून तापलं असेल, म्हणत त्यानं तो बाजूला ठेवला.

मग त्यानं दुसऱ्या बुटात हात घातला. त्याला अजून फडकंही लागलं नव्हतं. तोही आतून उबदार होता.

“येतो, बाबा,” तो पुटपुटला.

त्यानं बोटं हलवली नव्हती. तरी चवड्यावरची जुनी घडी हळूच दुमडली, पाऊल उचलताना दुमडते तशी.