तिसरा माईक

नव्वद जणांच्या समूहगानाला माईक दोनच पुरतात, हे रेकॉर्डिस्ट बावीस वर्षं सगळ्यांना बजावत आला होता. संचालिकाबाईंच्या पाठीमागे उंच स्टँडवर एक जोडी लावायची आणि गप्प बसायचं. कोरसमधला एक आवाज जरी वेगळा ऐकू आला, तरी माईकवाला नापास. आज मात्र त्याने तिसरा स्टँड उचलला आणि दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथ्या बाईसमोर नेऊन ठेवला. चौथी बाई त्याची बायको होती.

संचालिकाबाईंनी भुवया उंचावल्या. ही बाजू जरा पडते, आधाराला एक असू दे, असं त्याने सांगितलं. ते साफ खोटं होतं.

सोमवारी तिचं स्वरयंत्र काढणार होते. आवाज राहणार नाही, श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्याने कपाटं उपसली. साऱ्या गावाची रेकॉर्डिंगं निघाली, तिचं एकटीचं एकही नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आता तरी एक गाणं म्हण, असं त्याने दोनदा विनवलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला. म्हणून ही चोरी.

पहिला टेक झाला. हेडफोन लावून त्याने तिसरा माईक तेवढा ऐकला. तिच्या डावीकडची बाई ऐकू येत होती, उजवीकडची येत होती. मधे काहीच नव्हतं. त्याने केबल बदलली, मग माईकच बदलला. दुसऱ्या टेकलाही तेच. शेवटी आवाज वाढवून त्याने नीट कान दिला. प्रत्येक ओळीच्या आधी एक श्वास होता, अगदी वेळेवर घेतलेला. पुढे नुसती ओठांची हालचाल.

मधल्या सुट्टीत माईक सरळ करायच्या निमित्ताने तो तिच्यापाशी गेला. विचारायला जीभ रेटेना. तिनेच ओळखलं.

"दोन महिने झाले, सूर लागत नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नव्वदांत एक कुणाला कळतोय? तुम्हीच म्हणता ना."

"मग येतेस कशाला एवढी दगदग करून?"

तिने ओढणी गळ्याभोवती नीट केली. "श्वास तरी सगळ्यांबरोबर घेते."

त्याला भडभडून आलं. चारचौघांत रडायची सोय नव्हती, म्हणून तो स्टँडशी उगाच झटापट करत राहिला.

तेवढ्यात संचालिकाबाईंनी हेडफोन कानाला लावून पाहिला. तिसऱ्यात कुणाचा तरी श्वास येतोय, पुढचा टेक खराब होईल, तो माईक काढून टाका, असं त्यांनी तिथूनच सांगितलं.

"काढतो," तो म्हणाला.

सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहिले. त्याने स्टँडचा स्क्रू सैल केला, माईक तिच्या तोंडाजवळ आणखी वीतभर सरकवला आणि स्क्रू पुन्हा घट्ट आवळला.