नोराचा झेंडा

"ऑफसाइड, फाउल, ते सगळं मी बघतो," रेफ्री नोराच्या हातात झेंडा देत इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही फक्त चेंडू बाहेर गेला की हा वर करा. पूर्ण बाहेर गेला तरच. चेंडू आणि पांढरी रेघ, दोन्हींच्या मध्ये हिरवं दिसलं पाहिजे."

लाइन सांभाळणारी माणसं त्या सकाळी व्हिटबीच्या मैदानावर आलीच नव्हती. दोन्ही टीमकडून एकेक पालक हवा होता. आपापली मुलगी बघायची सोडून पलीकडच्या कडेला एकटं उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी नोरा परेरा उठली. सेकंड हाफमध्ये तिची बियांका त्याच कडेने खेळणार होती.

"बरं झालं, तुला जवळून दिसेल," तिचा नवरा व्हिन्सेंट म्हणाला. तो फोन स्टँडवर लावून मॅच रेकॉर्ड करत होता.

त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून निळ्या जॅकेटातली एक बाई बसली होती. हॅलिफॅक्सच्या एका युनिव्हर्सिटीची कोच. पुढच्या वर्षाच्या टीमसाठी मुली बघत फिरत होती. असे कोच देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीच्या मोठ्या टुर्नामेंटला ढिगाने येतात. पण तिथलं विमान, हॉटेल आणि वर क्लबची जादा फी परेरांना झेपली नव्हती. उन्हाळ्यात बाकीची टीम गेली आणि बियांका घरी राहिली. आता ही एक कोच आपण होऊन इथे आली होती.

जवळच्या सरोवराकडून गार वारा येत होता. नोरा रेघेबरोबर पुढे-मागे चालत राहिली. सुरुवातीला तिचं सगळं लक्ष बियांकाकडे जायचं. मग हळूहळू तिला फक्त चेंडू दिसायला लागला. दोन-तीनदा तिने झेंडा वर केला, रेफ्रीने मान हलवली, खेळ पुढे सुरू. तिला बरं वाटलं.

मॅच संपत आली होती. दोन्ही टीमचा एकेक गोल. तेवढ्यात मधून एक लांब पास आला आणि बियांका रेघेबरोबर सुसाट सुटली.

"सोडू नको, बिया! सोडू नको!" व्हिन्सेंटचा मराठी आवाज अख्खं मैदान ओलांडून आला.

नोराच्या अगदी समोर चेंडू जरा पुढे निसटला, रेघेबाहेर गेला, आणि बियांकाने बुटाच्या तळव्याने तो आत ओढला. एका क्षणाचं काम. पण चेंडू आणि रेघ यांच्यामध्ये दोन बोटं हिरवं गवत नोराला स्वच्छ दिसलं होतं.

तिचा हात वर गेला.

कोणी पाहिलं नाही. रेफ्री पुढे धावत होता, त्याची तिच्याकडे पाठ होती. बियांकाने एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, आणि डाव्या पायाने मारलेला चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात बसला. पलीकडे सगळे उठून ओरडायला लागले. व्हिन्सेंटने दोन्ही हात वर केले. निळ्या जॅकेटातली बाईसुद्धा उभी राहिली होती.

नोराचा झेंडा वरच होता. रेफ्री मधल्या वर्तुळाकडे परत निघाला होता. हात खाली घेतला असता तर कोणाला कळलंही नसतं.

मैत्रिणींच्या मिठीतून सुटून बियांका वळली आणि तिला आई दिसली. तिचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिने चटकन रेफ्रीकडे पाहिलं.

खेळ पुन्हा सुरू करण्याआधी रेफ्रीने सवयीने दोन्ही कडांकडे नजर टाकली आणि तो थांबला. धावत नोराकडे आला.

"आउट?"

"आउट," नोरा म्हणाली. "इथे. गोलच्या आधी."

त्याने शिटी वाजवली. गोल रद्द झाला.

मॅच बरोबरीत सुटली. निळ्या जॅकेटातली बाई समोरच्या टीमच्या एका उंच डिफेंडरशी आणि तिच्या आई-वडिलांशी बराच वेळ बोलली. मग खुर्चीची घडी करून पार्किंगकडे गेली. जाताना तिने बियांकाला "गुड गेम" म्हटलं. तसं ती सगळ्याच मुलींना म्हणत होती.

परतताना गाडी व्हिन्सेंट चालवत होता. हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "रेफ्रीने बघितलंच नव्हतं, नोरा."

"मी बघितलं ना."

"आपल्याच पोरीचा गोल! एवढ्या लांबून ती बाई आलेली."

"व्हिन्सेंट, चेंडू बाहेर होता."

"डॅडी, इट वॉज आउट," मागून बियांका म्हणाली. तिने पाय सीटवर घेतले होते आणि ती मोज्यांवरचं गवत काढत होती. "आय न्यू."

नोराने आरशात तिच्याकडे पाहिलं. "तुला कळलं होतं, तर मग थांबली का नाहीस?"

बियांका गवत काढत राहिली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बिकॉज इट वॉज यू, मम्मा. लाइनवर तू होतीस."

व्हिन्सेंटने रेडिओकडे नेलेला हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

थोडं अंतर गेल्यावर नोराने पायापाशी ठेवलेल्या पिशवीतून चटणी-सँडविच काढलं आणि न वळताच हात मागे केला. हात तसाच दोन सीटांच्या मधे राहिला. हायवेवरची एक एक्झिट गेली. दुसरी गेली. खांदा भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही. मग बोटांमधलं वजन अलगद गेलं, आणि मागे कागद उलगडल्याचा आवाज आला.