दाराची कडी

रणदिवे वकील केस घ्यायला तयार झाले होते, पण वकीलपत्र काही पुढे करत नव्हते. शालनच्या नवऱ्यावर चुलतभावाचं दुकान जाळल्याचा आळ होता. त्याला बाहेर बसवून ते तिलाच उलटसुलट विचारत होते. हे रात्रभर घरीच होते, असं सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला. हा माणूस आपल्या बाजूचा, की त्या चुलत दिरानं आधीच फोडलाय?

"वहिनी, त्या पहाटे दाराची कडी कुणी काढली?"

"मीच. सडा घालायला रोज मीच आधी उठते."

"रोजचं नाही, त्या दिवसाचं विचारतोय."

शालन बोलायला गेली आणि थांबली. कडी काढायला रोज ती हातातली बादली खाली ठेवायची. त्या पहाटे ठेवावी लागली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. नवरा तिच्याकडेच बघत होता.

"मीच काढली," ती म्हणाली.

वकिलांनी खणातून वकीलपत्र काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"कोर्टात या उत्तराला एवढा वेळ लावू नका."